नात्यातले लग्न नव्हते, तरीही…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलाला आनुवंशिक आजार असल्याची शंका आली, की डॉक्टर आईवडिलांना विचारतात, "लग्न नात्यातले आहे का?" केसपेपरवर या प्रश्नासाठी एक ओळ असते आणि तिच्यासमोर 'हो' किंवा 'नाही' लिहून मोकळे व्हायचे असते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मराठवाड्यात काम करताना मीही हा प्रश्न आयुष्यभर विचारत आलो, आणि बहुतेक वेळा मिळालेले उत्तर एकाच धाटणीचे असे: "नाही हो डॉक्टर, नात्यातले नाही. आमच्यातलेच आहे, पण गोत्र वेगळे, गाव वेगळे." या उत्तरातल्या 'नाही'ची केसपेपरवर नोंद होते, 'आमच्यातलेच'ची मात्र होत नाही. गेल्या दीड-दोन दशकांत जनुकशास्त्राने आपल्या समाजाविषयी जे दाखवून दिले आहे, त्याचा गाभा नेमका या नोंद न झालेल्या शब्दात आहे. ते ज्ञान अजून आपल्या रुग्णालयांपर्यंत आणि घरांपर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एकाकी राहिलेल्या मानवसमूहांत ठरावीक आजार का साचतात, हे समजून घेण्यासाठी सर्वांत चांगला अभ्यासलेला देश फिनलंड आहे. तेथील लोकसंख्या मूळच्या थोड्या कुटुंबांपासून वाढली. सोळाव्या शतकापासून देशाच्या पूर्व आणि उत्तर भागांत लहान लहान गटांनी वस्ती केली, ते गट पिढ्यानपिढ्या आपापसांत लग्ने करत राहिले, आणि मध्येच १६९६-९७ च्या भीषण दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग नष्ट झाला. मूळच्या मोजक्या माणसांपैकी एखाद्याच्या जनुकात एखादा दोष असला, तर अशा परिस्थितीत तो पुढच्या हजारो वंशजांत पसरतो. दुसऱ्या एखाद्याचा दोष त्याच्याबरोबरच संपून जातो. त्यामुळे जगात इतरत्र क्वचितच दिसणारे सुमारे ३६ आनुवंशिक आजार फिनलंडमध्ये तुलनेने अधिक आढळतात, आणि उर्वरित युरोपात नेहमी आढळणारे फिनाइलकीटोनुरिया व सिस्टिक फायब्रोसिस हे आजार तेथे दुर्मीळ आहेत. यात त्या लोकांच्या रक्तात काही खोट असण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक माणूस असे काही सुप्त दोष अंगात वागवत असतो; तोच दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला, तरच आजार होतो. कोणाचे दोष पुढे वाढले आणि कोणाचे विरून गेले, एवढाच काय तो योगायोगाचा भाग.

अशा समाजात दोषी जनुक शोधणे तुलनेने सोपे जाते, याचे कारणही याच इतिहासात आहे. एकाच पूर्वजाकडून आलेला दोष त्याच्या आजूबाजूच्या गुणसूत्राच्या तुकड्यासह पुढे जातो. दर पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होते, त्यामुळे तो तुकडा दोन्ही टोकांनी हळूहळू झिजत जातो, पण दोषाच्या अगदी लगतचा भाग शेकडो वर्षांनंतरही तसाच राहतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या, पण एकाच आजाराने ग्रासलेल्या माणसांचे गुणसूत्र शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांत सर्वांना समान असा छोटा तुकडा सापडला, तर दोषी जनुक त्या तुकड्यातच असणार, असे धरून चालता येते. हाडांची वाढ खुंटवणाऱ्या डायस्ट्रॉफिक डिस्प्लेझिया या आजाराचा जनुक १९९४ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या साह्याने याच पद्धतीने सापडला. आईवडील आणि मुले एवढ्याच नात्यांवरून शोध घेतला असता तर गुणसूत्राचा फार मोठा पट्टा धुंडाळत बसावे लागले असते. शेकडो वर्षांच्या सामायिक वंशामुळे तो पट्टा आवाक्यात आला.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला वाटते, एकाकी समूह म्हणजे एखादे बेट किंवा डोंगरात दडलेली वस्ती. दीडशे कोटींच्या देशात, जिथे माणूस रोज बसमध्ये, बाजारात, शेतात दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून वावरतो, तिथे एकाकीपणा कुठून येणार? तो लग्नाच्या मांडवातून येतो. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील, म्हणजे सीसीएमबीमधील, के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजांतील २,८०० हून अधिक व्यक्तींची जनुकीय माहिती त्यांनी तपासली. त्यांपैकी ८१ समाजांचा उगम फिनलंडचे लोक किंवा युरोपातील अश्केनाझी यहुदी यांच्यापेक्षाही मोजक्या पूर्वजांपासून झाल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. या ८१ पैकी १४ समाजांची आजची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक असल्याचा त्यांचा अंदाज आहे. या शेवटच्या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. लोकसंख्या मोठी झाली म्हणून वंशाचा पाया रुंद होत नाही. दहा लाख माणसे जनुकांच्या दृष्टीने एखाद्या छोट्या गावाची संतती असू शकतात.

या ठिकाणी आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न गोत्राचा आहे. आपण सगोत्र लग्न करत नाही, देवक जुळले तर सोयरीक मोडतो, मग रक्ताची सरमिसळ झालेलीच नाही का? ही समजूत इतकी रुजलेली आहे की सुशिक्षित घरांतूनही ती ऐकू येते. प्रत्यक्षात गोत्र केवळ बापाकडून चालत येते. एखाद्या घराण्यातील दोषी जनुक मुलीबरोबर दुसऱ्या गोत्रात जातो, तिच्या मुलीबरोबर तिसऱ्या गोत्रात, आणि काही पिढ्यांत त्या जातीतील सर्व गोत्रांत तो पसरलेला असतो. लग्नानंतर मुलीचे गोत्र बदलते. तिच्या पेशींतले जनुक बदलत नाहीत. हिंदू विवाह कायद्यातील सपिंडाचा, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्नाला मनाई करणारा, नियमही आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतच पाहतो, तर आपण ज्या सामायिक पूर्वजांबद्दल बोलत आहोत ते त्याच्या कितीतरी पिढ्या मागचे असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात म्हटले होते की गोत्राबाहेर लग्न करण्याची चाल जुनी आहे, आणि तिच्यावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले तेव्हा जात निर्माण झाली. समाजशास्त्राच्या अंगाने मांडलेले ते विश्लेषण आज जनुकांच्या तपासणीत जसेच्या तसे उमटलेले दिसते.

याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले आहे. मुंबईतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीम सेन सिंघल यांच्याकडे काही मुले येत असत. पहिल्या वर्षातच त्यांचे डोके झपाट्याने मोठे होई. मूल बसायला, चालायला शिके, पण पुढे चाल अडखळू लागे, पाय ताठरत, झटके येत. मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात सर्वत्र बदल आणि कानशिलांकडच्या भागात द्रवाच्या गाठी दिसत. ही मुले वेगवेगळ्या कुटुंबांतली होती, पण त्यांतील बहुतेक अग्रवाल समाजातील असल्याचे डॉ. सिंघल यांच्या लक्षात आले आणि १९९० च्या दशकात त्यांनी ते शास्त्रीय नियतकालिकांत नोंदवले. २००१ मध्ये युरोपातील संशोधकांना या आजाराचा एमएलसी-१ हा जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर सापडला, आणि २००४ मध्ये असे प्रसिद्ध झाले की अग्रवाल रुग्णांमध्ये त्या जनुकातील एकच एक बदल सामायिक आहे. या समाजात परंपरेने अठरा गोत्रे मानली जातात आणि सगोत्र विवाह कटाक्षाने टाळला जातो, हे येथे ध्यानात घ्यावे. आईवडिलांना विचारले असता "नात्यातले लग्न नाही" हेच उत्तर येणार, आणि ते खरेच असणार.

बाहेरच्या देशात कोणी हा शोध लावण्याआधी मुंबईतल्या एका डॉक्टराने रुग्णाचे आडनाव आणि समाज यांकडे शोधाच्या नजरेने पाहिले, याचे मला आजही मोल वाटते. सध्याच्या घाईगर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात अशा निरीक्षणाला सवड राहिलेली नाही.

दुसरे उदाहरण माझ्या भागाच्या अधिक जवळचे आहे. आर्य वैश्य समाज मूळचा आंध्र-तेलंगणातला. नांदेडसह मराठवाड्यात आणि विदर्भाच्या पूर्व भागातही तो मोठ्या संख्येने स्थायिक झालेला आहे. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात. रक्तातील ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते काही मिनिटांत मोडून टाकते आणि रुग्ण पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागतो. ज्यांच्यात हे विकर जन्मतः नसते, त्यांचे स्नायू मात्र तासन् तास लुळे राहतात. व्हेंटिलेटर हाताशी असेल आणि भूलतज्ज्ञाला ही शक्यता ठाऊक असेल, तर औषधाचा परिणाम ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवून रुग्णाला सुखरूप बाहेर काढता येते; नसेल तर जिवावर बेतते. आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांच्या तुलनेत सुमारे शंभरपट अधिक आढळतो, असे २०१७ च्या अभ्यासात नमूद आहे. एरवी हे विकर नसलेल्या माणसाला आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाचे असेच आहे: माणूस ठणठणीत असतो, आणि रक्त चढवण्याची वेळ आली की मगच 'ओ' गटाचे रक्तही त्याला चालत नाही, हे कळते. या दोन्ही बाबतींत करायचे ते एवढेच, की गोष्ट आधी माहीत असावी आणि रुग्णाच्या कागदावर ठळक लिहिलेली असावी. तालुक्याच्या ठिकाणी सिझेरियन करणाऱ्या किती रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी "पूर्वी घरात कोणाला भुलीनंतर उशिरा शुद्ध आली होती का?" एवढे तरी विचारले जाते, याची चौकशी आरोग्य खात्याने अवश्य करावी.

येथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वेगळा उल्लेख केला पाहिजे, कारण महाराष्ट्रात आनुवंशिक आजार म्हटले की नंदुरबार, गडचिरोली, अमरावती येथील आदिवासी समाजच आठवतो आणि या सगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. सिकलसेलचा जनुक टिकून राहिला आणि वाढला तो मुख्यतः मलेरियामुळे, कारण या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. अग्रवाल किंवा आर्य वैश्य समाजातील दोषांमागे असा फायदा असल्याचे दिसत नाही. ते मूळ पूर्वजांच्या मोजकेपणातून आलेले आहेत. कारणे निराळी आहेत, पण तपासणीची आणि समुपदेशनाची गरज सारखीच आहे. केंद्राने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, ते योग्यच झाले. मात्र आनुवंशिक आजार ही केवळ आदिवासींची बाब आहे असा जो समज त्यातून अधिक घट्ट होतो, तो चुकीचा आहे आणि अन्यायकारकही आहे.

संशोधन आणि सेवा यांच्यातील अंतर किती क्रूर ठरू शकते, हे व्हेनेझुएलाच्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांनी दाखवून दिले आहे. तेथे हंटिंग्टन हा मेंदूचा आजार जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो. अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टराने १९५० च्या दशकात तो ओळखला. पुढे १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तेथे जात राहिले, अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ त्यांनी मांडली आणि चार हजारांहून अधिक लोकांनी आपले रक्त दिले. १९८३ मध्ये या रोगाचा जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९३ मध्ये तो हाती लागला. आज जगभर कोणीही ही तपासणी करून घेऊ शकतो. ज्या कुटुंबांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले, ती मात्र आजही दारिद्र्यात आहेत आणि त्यांना आजारात आधार देणारी व्यवस्था अत्यंत तुटपुंजी आहे. वेक्सलर यांची स्वतःची आई याच आजाराने गेली होती आणि त्यांनी त्या वस्त्यांसाठी मनापासून झटून काम केले, हे मान्य करूनही एका व्यक्तीची तळमळ संस्थेची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडेही आता रक्ताचे नमुने मोठ्या प्रमाणावर गोळा झाले आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशातील २० संस्थांनी दहा हजार व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि त्याची माहिती २०२५ च्या जानेवारीत फरीदाबाद येथील जैवमाहिती केंद्रामार्फत संशोधकांना खुली झाली. हे काम अभिमानास्पद आहे. पण ज्या गावांतून, ज्या समाजांतून नमुने गेले, तेथील एखाद्या जोडप्याला याचा काय उपयोग झाला, असे विचारले तर आज आपल्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नाही.

उपयोग कसा होऊ शकतो, हे अश्केनाझी यहुद्यांनी करून दाखवले आहे. त्यांच्यात टे-सॅक्स या जीवघेण्या आजाराचे वाहक, म्हणजे दोषी जनुकाची एकच प्रत असलेली माणसे, पुष्कळ होते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी वाहक-तपासणी सुरू झाली आणि त्या समाजातील या आजाराच्या बालकांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. त्यांतील अत्यंत सनातनी मंडळींना गर्भपात मान्य नव्हता, तेव्हा टे-सॅक्सने स्वतःची मुले गमावलेल्या राबाय (यहुदी धर्मगुरू) जोसेफ एकस्टाइन यांनी १९८० च्या दशकात निराळी रीत बसवली. तरुण-तरुणींचे रक्त तपासायचे, त्यांना निकाल न सांगता केवळ एक क्रमांक द्यायचा, आणि स्थळ पाहताना दोन्ही बाजूंनी आपापले क्रमांक कळवले की तपासणी करणाऱ्या संस्थेने जोडी योग्य की अयोग्य एवढेच सांगायचे. कोण वाहक आहे हे गावभर होत नाही. आपल्याकडे पत्रिका जुळवण्याची, वधू-वर सूचक मंडळांची आणि मेळाव्यांची जी पद्धत आहे, तिच्यात ही रीत सहज बसू शकते.

गुप्तता न पाळल्यास काय होते, याचाही दाखला आहे. ग्रीसमधील ओर्कोमेनोस गावात सिकलसेलच्या वाहकांची तपासणी झाली. वाहक असणे म्हणजे आजारी असणे असा समज तेथे पसरला, वाहकांना स्थळे मिळेनात आणि लोक निकाल दडवू लागले. आपल्याकडे हा भार कोणावर पडेल, हे सांगण्यासाठी भविष्यवेत्त्याची गरज नाही. मुलगा वाहक निघाला तर ती गोष्ट घरातच राहील, मुलगी निघाली तर सोयरीक मोडेल. म्हणून चाचणी आणि समुपदेशन एकत्रच असले पाहिजेत, आणि पुढील साधे गणित लोकांना शाळा-महाविद्यालयापासून समजावून सांगितले पाहिजे. वाहक स्वतः निरोगी असतो. दोघेही वाहक असले तरच प्रत्येक गर्भात चारात एक या प्रमाणात आजाराचा धोका असतो. एखाद्या समाजात वीसात एक माणूस वाहक असेल, तर त्या समाजातील चारशे जोडप्यांपैकी सरासरी एका जोडप्यात दोघेही वाहक असतील. उरलेल्या जोडप्यांना या आजाराची काळजी करण्याचे कारण नाही.

यावर काही वाचक म्हणतील, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे. दोन वेगळ्या समाजांतील जोडप्याच्या मुलांत अशा सुप्त आजारांचा धोका निश्चितच कमी असतो. जातीबाहेरच्या लग्नांना माझा मनापासून पाठिंबा आहे, आणि त्यासाठी समतेचे कारण पुरेसे आहे, जनुकांचे कारण शोधण्याची गरज नाही. पण आजही बहुसंख्य लग्ने जातीतच होतात, आणि आज गरोदर असलेल्या स्त्रीला समाज बदलण्याची वाट पाहायला सांगता येत नाही.

राज्य शासनाकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. केसपेपरवर आईवडिलांचे मूळ गाव आणि लग्न आपल्याच समाजात झाले आहे का, हे त्यांच्या संमतीने आणि गोपनीयतेच्या हमीसह नोंदवावे; मूळ गाव, कुलदैवत, सोयरीक कोणत्या गावांशी होते, ही माहिती आपल्याकडच्या आज्या तोंडपाठ सांगतात आणि जनुकाचा माग काढायला ती फार उपयोगी पडते. ज्या समाजांतील नेमके बदल आधीच ज्ञात आहेत, त्या बदलांच्या चाचण्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उपलब्ध कराव्यात. संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा खर्च येथे लागत नाही. एक ठरावीक बदल तपासायला साधी पीसीआर चाचणी पुरते. आनुवंशिक आजारांच्या तपासणीसाठीच्या केंद्राच्या 'उम्मीद' उपक्रमात नंदुरबार आणि वाशीम हे जिल्हे घेतले गेले, त्या अनुभवाचा लेखाजोखा प्रसिद्ध करून ती व्यवस्था इतर जिल्ह्यांत न्यावी. प्रत्येक विभागात किमान एक प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक नेमावा, कारण निकालाचा कागद हाती देऊन जोडप्याला वाटेला लावणे हे तपासणी न करण्यापेक्षा वाईट आहे.

आणि हे सर्व सुरू होण्याआधी, आनुवंशिक माहितीच्या आधारे विमा, नोकरी किंवा अन्य कोणत्याही बाबतीत भेदभाव करण्यास मनाई करणारा स्पष्ट कायदा झाला पाहिजे. अमेरिकेने नोकरी आणि आरोग्यविम्यापुरता असा कायदा २००८ मध्येच केला. आपल्याकडे जनुकीय माहितीला समाजाचे नाव जोडलेले असणार आहे, तेव्हा हे संरक्षण आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक गरजेचे आहे. महाराष्ट्रातील खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा आणि ज्या समाजांच्या संघटना वधू-वर मेळावे भरवतात, त्यांनी येत्या हंगामापासूनच आपल्या जिल्ह्यातील वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलणी सुरू करावीत, अशी विनंती मी आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ, नांदेड